मदत हवी आहे: गच्चीतल्या अंजिराला फळ धरत नाही

जय ख्रिस्त! वानवडीत आमच्या गच्चीवर ड्रममध्ये पुरंदरहून आणलेलं अंजीर लावलंय. तीन वर्षं झाली, पानं तळहाताहून मोठी, फळ एकही नाही. संडे स्कूलच्या मुलांना लूक 13:6-9 (बायबलमधला फळ न देणाऱ्या अंजिराचा दाखला, म्हणजे बोधकथा) शिकवताना हेच झाड दाखवते. दाखल्यातला माळीही तीन वर्षांनंतर धन्याकडे अजून एक वर्ष मागतो, भोवती खणून खत घालतो म्हणतो. परवा मुलांनी खुरप्याने माती मोकळी करून शेणखत घातलं. एकाने हळूच विचारलं, "टीचर, देव आपल्यालाही असंच उकरतो का?" गलबलूनच आलं.

मीठा बहार (उन्हाळ्यात फळ देणारा हंगाम) धरायचाय. छाटणी सप्टेंबरात करू की ऑक्टोबरात? फांदीवर किती डोळे (फुटव्याच्या जागा) ठेवू? ड्रममधल्या झाडाचं पाणी किती दिवस तोडायचं? आणि त्या मुलाला तुम्ही काय उत्तर दिलं असतं?