फ्रोझन म्हणजे विष? सोसायटीच्या ग्रुपवर रंगलेली चर्चा

ए २०१: सकाळचा "फ्रोझन अन्न म्हणजे विष" वाला फॉरवर्ड कोणी शेवटपर्यंत वाचला का? मी वाचला, दोनदा वाचला, आणि त्यात नेमकं काय विषारी असतं हे कुठेच लिहिलेलं नाही, नुसती लाल अक्षरं आणि "सगळ्यांना पाठवा". माझ्या फ्रीजरमध्ये आत्ता मटार आहेत, मक्याचे दाणे आहेत, पालक आहे. फेकून देऊ का सगळं?

बी १०४: फॉरवर्ड मीच टाकला होता. भाषा जरा जास्त आहे त्याची, मान्य. पण माझं म्हणणं तेच आहे की घरी शिजवलेल्याला तोड नाही. हल्ली पाकीट फाडलं, तेलात सोडलं की झालं जेवण. आम्ही भाजी निवडायचो, धुवायचो, चिरायचो, वेळ जायचा पण ताटात काय आहे ते माहीत असायचं.

डी ३०२: काकू, राग मानू नका पण हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. मी घरी येते तेव्हा मुलं भुकेली असतात, उद्याचा डबा डोक्यात असतो, आणि त्यात वर "पूर्वी आम्ही सगळं घरी करायचो" हे ऐकायचं. पूर्वी कोण करायचं? घरातली बाईच ना? ताजं हवं म्हणणारे चार जण असतात आणि ओट्याशी उभी असते एकटी. पाकिटातले मटार सोलायला लागत नाहीत म्हणून मला अर्धा तास मिळतो, तो मी मुलीच्या शेजारी बसून तिचा अभ्यास घेण्यात घालवते आणि मला त्यात काहीही चुकीचं वाटत नाही.

बी १०४: तुला बोलले नाही गं मी. तू किती धावपळ करतेस ते दिसतं मला.

सी ४०३: मी जरा लांबलचक लिहिणार आहे, आधीच माफी मागते. फ्रोझन भाज्यांच्या प्लांटमध्ये क्वालिटीचं काम बरीच वर्षं केलंय त्यामुळे हा विषय निघाला की गप्प बसवत नाही. काकू, तुम्ही म्हणालात ना की ताटात काय आहे ते माहीत असायचं, तोच खरा मुद्दा आहे, फक्त त्यात आपण फ्रोझन हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावतोय. एक म्हणजे गोठवलेला नुसता जिन्नस, मटार, मका, पालक, मासे. दुसरं म्हणजे तयार पदार्थ करून गोठवलेला, तळायचा किंवा गरम करायचा आणि खायचा. दोन्ही एकाच फ्रीजरमध्ये राहतात एवढंच त्यांचं नातं.

मटारचं सांगते. शेंगा तोडल्या की दाण्यातली साखर लगेच स्टार्चमध्ये बदलायला लागते म्हणून प्लांटची सगळी घाई असते, शेतातून आल्यावर काही तासांत माल आत गेला पाहिजे. मग उकळत्या पाण्यात किंवा वाफेत दीड-दोन मिनिटं, याला ब्लांचिंग म्हणतात. ते कशासाठी, तर दाण्यातली एन्झाइम्स, म्हणजे आतले बदल घडवणारे घटक, थांबवायला, नाहीतर फ्रीजरमध्येसुद्धा हळूहळू रंग आणि चव जाते. त्यानंतर लगेच गार पाणी, आणि मग जाळीच्या पट्ट्यावर खालून अतिथंड हवेचा असा जोर की दाणे पट्ट्यावर उडत राहतात, एकमेकांना चिकटतच नाहीत, काही मिनिटांत एकेक दाणा सुटा गोठतो. यात प्रिझर्व्हेटिव्ह घालावंच लागत नाही, कारण टिकवायचं काम थंडीच करते.

ए २०१: म्हणजे पाकीट हातात घेतल्यावर दाणे खुळखुळले तर चांगलं?

सी ४०३: बरोब्बर. दाणे सुटे लागले पाहिजेत. सगळा मोठा गोळा झाला असेल तर मधे कुठेतरी ते वितळून परत गोठलंय, गाडीत असेल, दुकानात असेल. मी असं पाकीट घेत नाही. आतून पांढरा बर्फाचा थर जमलेलंही दुकानातच ठेवून देते.

ए ५०२: मग घरच्या फ्रीजरमध्ये ठेवलेली भाजी नंतर अशी लिबलिबीत का होते? आम्ही हिरव्या शेंगा ठेवल्या होत्या, बाहेर काढल्यावर पाणीच पाणी.

सी ४०३: दादा, वेगाचा फरक. हळू गोठलं की बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि भाजीच्या पेशी फाडतात, मग वितळताना सगळं पाणी बाहेर. पटकन गोठलं की स्फटिक बारीक राहतात. हे ज्यांनी धंद्यात आणलं ते क्लॅरेन्स बर्ड्सआय, अमेरिकन माणूस, पहिल्या महायुद्धाच्या आधी कॅनडातल्या लाब्राडोरला राहिला होता. तिथले इनुइट लोक पकडलेला मासा त्या कडाक्याच्या थंडीत बाहेर ठेवायचे, मासा लगेच गोठायचा आणि कितीतरी दिवसांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागायचा. १९२४ मध्ये त्यांनी कंपनी काढली, आणि १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डच्या दुकानांत अशी पाकिटं पहिल्यांदा विकायला ठेवली. म्हणजे मूळ कल्पना कारखान्याची नाहीच, घरोघरी मासे टिकवणाऱ्या लोकांची आहे.

घरी करायचं तर भाजी आधी ब्लांच करा, पूर्ण कोरडी करा, ताटात एकाच थरात पसरून गोठवा आणि मग पिशवीत भरून हवा काढा. ओली भाजी ढिगाने कोंबली की ती लिबलिबीत होणारच.

बी १०४: आणि जीवनसत्त्वं? ती तर मरतात म्हणे.

सी ४०३: ब्लांचिंगमध्ये क जीवनसत्त्व थोडं जातं, ते खरंय. पण काकू, ताजी म्हणून आणलेली भाजी तोडून किती दिवस झालेत ते आपल्याला कुठे कळतं? ती गाडीत, बाजारात, मग आपल्या फ्रीजमध्ये पडून असते आणि रोज तिचंही क जीवनसत्त्व कमी होत असतं, पालकाचं तर फारच पटकन. तंतू आणि खनिजं बरीचशी तशीच राहतात. अंगणातून तोडून तासाभरात शिजवणार असाल तर ताज्याला तोड नाही, वाद नाही. आठवडाभर फ्रीजच्या तळाशी राहिलेल्या पालकापेक्षा मात्र मी फ्रोझन पालक घेईन.

डी ३०२: ताई हे मी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकते.

सी ४०३: टाक, पण पुढचंही टाक, कारण मी पाकिटवाल्यांची बाजू घेत नाहीये. तयार पदार्थांबद्दल काकूंची काळजी मला पूर्ण पटते. पाकीट उलटं करून बघा. जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, पहिलं नाव ज्याचं ते सगळ्यात जास्त. भाजीचा पदार्थ म्हणून घेतो आणि पहिली दोन-तीन नावं मैदा, तेल, स्टार्च अशी निघतात, भाजी कुठेतरी खाली. मग सोडियम बघा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे साधारण २००० मिलिग्रॅम सोडियम. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं मीठ नाही, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. आणि आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा ते नीट बघा, कारण पाकिटावरचं एक वाढप फार लहान असतं आणि आपण पाकीट संपवतो.

ए ५०२: मीठ कमी केलं आणि तेवढ्याच कॅलरी खाल्ल्या तर चालेल ना मग? हिशोब तर तोच.

सी ४०३: दादा, अडचण ही की तेवढ्यावर हात थांबतो का? हेच तपासायला अमेरिकेत केव्हिन हॉल या संशोधकाने प्रयोग केला होता, २०१९ मध्ये छापून आला. २० जणांना संस्थेतच ठेवलं, दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे कारखान्यात बनलेलं तयार जेवण आणि दोन आठवडे साध्या जिन्नसांचं. समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, फॅट, मीठ, तंतू सगळं जुळवलेलं, हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. अतिप्रक्रिया केलेल्या जेवणावर लोक दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते आणि दोन आठवड्यांत वजन जवळपास किलोभर वाढलं, दुसऱ्या जेवणावर जवळपास तेवढंच कमी झालं. वीसच माणसं आणि थोडे दिवस, हे लक्षात ठेवायचं, पण हे सगळं जुळवलेलं असूनही फरक पडला. आणि त्यात मुद्दा गोठवण्याचा नव्हता. तेच जेवण डब्यात बंद असतं तरी तेच झालं असतं.

बी १०४: मला हे आकडे नाही कळत पण हे कळतं की असलं खाताना पोट भरल्याचं समजत नाही, हात थांबत नाही. आणि अजून एक सांगते. पोरांनी कांदा परतताना बघितला पाहिजे, कच्चा वास कधी जातो ते नाकाला कळलं पाहिजे. माझ्या नातवाला मी शेजारी उभं करते आणि विचारते, आता पाणी घालू का? तो वास घेऊन सांगतो. हे पाकिटात कुठून येणार.

डी ३०२: हे मात्र खरं आहे काकू. माझ्या मुलीला पाठवू का तुमच्याकडे रविवारी?

बी १०४: विचारतेस काय, पाठव.

ए २०१: सी ४०३ ताई, मी एका सुट्टीच्या दिवशी रस्सा जास्त करून डबे भरून फ्रीजरमध्ये ठेवायचं म्हणतेय. चालतं ना?

सी ४०३: चालतं काय, मला तर हाच सगळ्यात चांगला उपाय वाटतो, घरचंच आणि मंगळवारी रात्री दहा मिनिटांत गरम. कडधान्यं तर नक्कीच करा, राजम्याला रात्रभर भिजवणं आणि मग चांगला खळखळून उकळणं लागतंच, अर्धाकच्चा राजमा पोटाला त्रास देतो, तर एकदाच भरपूर शिजवून पाव-पाव किलोच्या पिशव्या करा. पिशव्या चपट्या करून आडव्या ठेवा, लवकर गोठतात आणि लवकर सुटतात. काचेच्या बरणीत काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, बरणी तडकते. तारीख लिहा.

पण काही गोष्टी नीट पाळायच्या. शिजवलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, खोल भांड्यात नाही, पसरट भांड्यात, म्हणजे पटकन निवतं. भाताला तर जास्तच जपायचं, त्यातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि बाहेर राहिला की वाढतात. फ्रीजर उणे १८ डिग्रीवर हवा. तिथे जंतू वाढत नाहीत पण मरतही नाहीत, झोपलेले असतात म्हणा, म्हणून वितळवायचं ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ओट्यावर दिवसभर ठेवून नाही.

ए ५०२: मक्याचे दाणे मी डायरेक्ट सॅलडमध्ये टाकतो, नुसते वितळवून.

सी ४०३: दादा ते बंद करा. ब्लांच केलेलं म्हणजे शिजवलेलं नव्हे. युरोपात २०१८ मध्ये लिस्टेरिया नावाच्या जंतूमुळे होणाऱ्या आजाराचा माग काढता काढता गोठवलेल्या मक्यापर्यंत पोचले होते, पाच देशांत ४७ जण आजारी पडले होते आणि त्यातले ९ जण गेले. पाकिटावर शिजवून खा असं लिहिलेलं असतं ते उगाच नसतं. उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं घाला, निथळा, गार करा, मग सॅलडमध्ये. घरात कोणी गरोदर असेल किंवा वयस्कर असेल तर हे अजिबात टाळायचं नाही.

ए ५०२: ओके. आजपासून उकळून. आई आमच्याकडेच असते.

डी ३०२: आणि लाइट गेली तर? मागे अख्खी रात्र गेली होती तेव्हा मी सगळं टाकून दिलं.

सी ४०३: दार उघडायचं नाही, ही पहिली गोष्ट. भरलेला फ्रीजर बंद राहिला तर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. लाइट आल्यावर हात लावून बघायचं, बर्फाचे कण अजून असतील तर परत गोठवलं तरी चालतं, फक्त चव थोडी उतरते. पूर्ण मऊ आणि कोमट झालं असेल, त्यातही मांस-मासे असतील, तर टाकून द्यायचं.

बी १०४: मी तो फॉरवर्ड डिलीट करतेय. मटार सोलायला मला आवडतं, मी सोलणारच, पण दुसऱ्या कोणी नाही सोलले म्हणून काही बोलणार नाही. सी ४०३, ते पाकिटावरचं कसं वाचायचं ते एकदा घरी येऊन दाखव मला, अक्षर फार बारीक असतं.

सी ४०३: संध्याकाळी येते काकू. घरात असतील ती सगळी पाकिटं काढून ठेवा.