आवाज उतरला की डफ?

सिन्नरचा वारा
नाशिकला गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर शनिवारी लोकसंगीताचा कार्यक्रम झाला, त्यावरची एक पोस्ट कालपासून फिरतेय. लिहिणारे आपले कॉलेजरोडचा कट्टेकरी. सार असं: शाहीर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आवाज उरलेला नाही, दम लागतो, दर दोन ओळींनी थांबतात. अशांना शाल-श्रीफळ द्या, पुढच्या रांगेत मानानं बसवा आणि माइक तरुणांच्या हाती द्या. खाली 'अगदी मनातलं बोललात'चा पाऊस.

शाहिरांना सिन्नरहून गाडीत घालून मी आणलं आणि रात्री मीच परत सोडलं. त्यामुळे लांबण लावणार आहे. कंटाळा आला तर पुढे जा.

येताना शिंदे टोलनाक्यापासून द्वारका चौकापर्यंत शाहीर गात होते. डफ मांडीवर, काचा बंद. द्वारकेला नेहमीप्रमाणे अडकलो, तर शेजारच्या टेम्पोवाल्यानं काच खाली करून विचारलं, "कोणती टेप आहे भो?" हाच माणूस तीन तासांनी स्टेजवर कसा दमला?

झीलकऱ्यांमुळे दमला. शाहिरांच्या मागे सूर धरायला कायम चौघं असतात. दोन दिवस आधी आयोजकांचा फोन, स्टेजवर जागा नाही, दोघंच आणा. दोघांतल्या एकाचा घसा थंडीनं बसलेला. म्हणजे उरला एक. झील शोभेला नसते हो! मागचे 'जी जी रं जी' ओढतात तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, पुढची ओळ जुळवतो. पंचविशीतला शाहीरही तिथेच श्वास घेतो. तुम्हाला जिथे ते 'थांबलेले' दिसले ती झीलेची जागा होती. झीलच नव्हती तिथे.

मग डफ. जानेवारीची रात्र, नदी जवळ, गवतावर दव. कातडं ओलावलं की डफ उतरतो, बद्द वाजतो. शेकावा लागतो. लॉन्सवाला म्हणाला, गवत जळेल, शेकोटी चालणार नाही. पार्किंगमध्ये दोन पेपर पेटवून मी आणि झीलकरी डफ फिरवत उभे राहिलो, तर सिक्युरिटीवाला बाटलीभर पाणी घेऊन आला. पेपर विझले, थोडं पाणी डफावरही उडालं.

आणि वेळ. अफजलखानाच्या पोवाड्याला वीस मिनिटं कबूल केली होती. खान विजापूरहून निघाला, तुळजापूर-पंढरपूर करत वाईला पोचला, आणि समोर वेळ संपल्याचा लाल दिवा. आठ मिनिटं झाली होती. प्रतापगड राहिलाच.

कॉलेजरोडचा कट्टेकरी
पोस्ट माझी आहे आणि मी तिच्यावर ठाम आहे. शाहिरांना मी शाळेत असताना पटांगणात ऐकलंय, बिनमाइकचं. शेवटच्या रांगेत अंगावर काटा आला होता. म्हणून तर शनिवारी त्रास झाला. झील, डफ, वेळ, सगळं मान्य, पण श्रोत्याला कारणं ऐकू येत नाहीत, गाणं ऐकू येतं. माझ्या शेजारी दोन पोरी हसत होत्या. त्यांच्या डोक्यात शाहिरी म्हणजे आता कायमचं ते हसणं. हा अपमान कुणी केला? ज्यांनी त्यांना तसं उभं केलं त्यांनी. त्यात तुम्हीही आलात, गाडी तुमचीच होती.

लोकशाहीर विठ्ठल उमप २०१० मध्ये नागपुरात मंचावर गातागाताच गेले, हे आपण सगळे डोळ्यांत पाणी आणून सांगतो. मला ते ऐकलं की कौतुकापेक्षा भीतीच जास्त वाटते.

निफाडचा द्राक्षवाला
म्हणजे खान वाईहून सुखरूप परत गेला म्हणायचा 😂

चेष्टा सोडा. डफाचा एवढा तमाशा कशाला? फायबरचा घ्या. आमच्या गावच्या मिरवणुकीत सगळ्या हलग्या फायबरच्या. दवात वाजवा, पावसात वाजवा, शेकोटी नाही, सिक्युरिटी नाही. आमच्याकडची थंडी तुम्हाला माहीतच आहे. पहाटे द्राक्षबागेत आम्ही शेकोट्या करतो त्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. डफासाठी कोण करत बसणार?

गोंधळ्याचा नातू
फायबर! तरी म्हटलं अजून कुणी कसं बोललं नाही. साहेब, फायबर टणटणतं, घुमत नाही. माझे आजोबा संबळ वाजवायचे. वाजवण्याआधी अर्धा तास नुसते त्याच्याशी बोलत बसल्यासारखे बसायचे. शेकायचे, एक टिपरू मारायचे, कान लावायचे, परत शेकायचे. आम्हा पोरांना वाटायचं, म्हातारा वेळ काढतोय. आता कळतं, गोंधळ तिथूनच सुरू झालेला असायचा. उद्या म्हणाल देवीपुढे दिवटीही बॅटरीची ठेवा, तेल सांडत नाही.

निफाडचा द्राक्षवाला
ठेवली आहे की, कित्येक मंडळांनी. आणि आजोबा बैलगाडीतून यायचे, तुम्ही कशातून येता? कातडं उतरलं की गाणं पडतं, हे शनिवारी दिसलं ना? फायबर असता तर निदान ठेका तरी राहिला असता. भावना ठेवा घरी, कार्यक्रम वेळेत करा.

गोंधळ्याचा नातू
भावना घरी ठेवायच्या तर लोकसंगीताचा कार्यक्रम कशाला करायचा, डीजे लावा. तेच तुम्हाला हवंय. द्राक्षं एक्सपोर्ट करा तुम्ही, यात पडू नका.

जुना सिडकोकर
दोघंही थांबा. कातड्याची एवढी महती गाताय, तर सांगा, डफ मढवणारा शेवटचा कधी भेटलात? माझे मामा मढवायचे. ओलं कातडं कडीवर ताणायचं, सुकवायचं, चुकलं की परत. हाताचा वास आठ-आठ दिवस जात नसे. ज्यांच्या घरी डफ द्यायला जायचे ते डफ ओसरीवर ठेवून घ्यायचे आणि चहा वेगळ्या कपात द्यायचे. मामांच्या पोरांनी हा धंदा सोडला आणि बरं केलं. आता कुणी फायबर वापरला तर 'परंपरा बुडाली'! नातूसाहेब, तुमच्या आजोबांचं संबळ कुणी मढवलं होतं, ते माहीत आहे का?

गोंधळ्याचा नातू
नाही माहीत. विचारायला हवं होतं.

पण तरी फायबर घुमत नाही.

जुना सिडकोकर
ते मीही म्हणत नाही की घुमतं.

साउंडवाला पंचवटी
गेले दोन दिवस गप्प होतो. शनिवारचा साउंड माझा होता.

लोककलावंत साउंडचेकला येत नाहीत, ही आमची कायमची रड आहे. दुपारी दोनची वेळ दिली होती. शाहीर आले साडेसहाला. मग मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, त्यांच्यासाठी कधी लावायचा? त्यांना स्वतःचा आवाज परत ऐकू येत नव्हता, हे मला पहिल्या कडव्यातच दिसलं. म्हातारा माणूस असो की तरुण, स्वतःचं ऐकू आलं नाही की ओरडतो, आणि ओरडला की दमतो. उघड्यावर भिंत नसते, आवाज गेला तो गेला. शाळेच्या पटांगणात तीन बाजूंनी इमारत असते, म्हणून तिथे बिनमाइकचं चालायचं. कट्टेकरींनी हेही धरावं.

आणि लाल दिवा मी लावला. दहाला बंद म्हणजे बंद, ध्वनिप्रदूषणाचा नियम २००० सालचा आहे. पावणेदहाला हवालदार माझ्या टेबलाशी येऊन उभा. शाहिरांच्या आधी जे फ्युजनवाले होते त्यांनी पंचवीस मिनिटं जास्त घेतली. त्यांना लाल दिवा दाखवला, त्यांनी हात हलवला. शाहिरांना दाखवला, ते लगेच थांबले. नमस्कार करून उतरलेसुद्धा.

सिन्नरचा वारा
दोनची वेळ आम्हाला कुणी कळवलीच नाही. 'संध्याकाळी या' एवढंच. मोबाइलमध्ये मेसेज आहे, टाकू का इथे?

आणि फ्युजनवाल्यांचं नाव पत्रिकेवर बोटभर मोठं. शाहीर कुठे? 'इतर कलावंत'मध्ये. नाशिकचं हे नेहमीचं. वामनदादा कर्डक देशवंडीचे, पेशवाईतले परशराम शाहीर बावीचे, दोन्ही गावं सिन्नर तालुक्यातली. भाषणात ते 'आपल्या नाशिकचे' होतात. जिवंत सिन्नरकर मात्र 'इतर'. परशराम नव्वद वर्षं जगले हो, त्यांना कुणी शाल देऊन पुढच्या रांगेत बसवलं होतं का?

कॉलेजरोडचा कट्टेकरी
झालं, सिन्नर विरुद्ध नाशिक सुरू. परशरामांना लाल दिवा नव्हता आणि दहा वाजता हवालदारही येत नव्हता. उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत, आभार.

मूळ प्रश्न तसाच आहे. कातडं, फायबर, पत्रिका सगळं झालं. या वयात, या थंडीत, असल्या स्टेजवर त्यांनी गावं का?

ताई म्हसरूळ
का गावं, मी सांगते.

माझे वडील सोंगी भारूड करायचे. तुमच्या शाहिरांपेक्षा दोन वर्षांनी मोठे. सरकारी मानधन मिळतं, २०२४ पासून महिना ५००० रुपये, त्याआधी २२५० मिळायचे. ते चालू राहायला दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. एका वर्षी दाखला 'पोचला नाही' म्हणून चार महिने पैसे थांबले. वडिलांना रिक्षात घालून कार्यालयात नेलं. खिडकीतल्या माणसासमोर उभे केले. तो म्हणाला, कागद आणा. वडील म्हणाले, "मी जिवंत आहे हे मी सांगतोय ना." तो म्हणाला, तुमच्या सांगण्यावर नाही चालत. तेव्हा वडिलांनी तिथेच, खिडकीसमोर, यमाचं सोंग काढलं. पूर्ण. रांगेतले लोक हसून हसून बेजार. काम तरीही झालं नाही, परत जावं लागलंच.

कट्टेकरीदादा, तुम्ही म्हणता पुढच्या रांगेत बसवा. पुढच्या रांगेत बसण्याचे पैसे कुणी देतं का? शालीची तर आमच्याकडे चळत आहे, एकही अंगावर घेण्यासारखी नाही, सगळ्या फोटोपुरत्या. स्टेजवर चढलं की पाकीट मिळतं. त्या पाकिटातून झीलकऱ्यांचं गाडीभाडं, गोळ्या, आणि उरलं तर घरात. दम लागतो म्हणून बसायला सांगणं सोपं आहे.

कॉलेजरोडचा कट्टेकरी
ताई, यावर बोलायला तोंड नाही. पैशाचा विचार मी केला नव्हता, खरंच. 'मानानं बसवा' लिहिताना वाटलं, आपण फार मोठ्या मनाचं लिहितोय.

तरीही, पाकीट बसवूनही देता आलं पाहिजे, असं मला अजून वाटतं. चिडा हवं तर.

ताई म्हसरूळ
चिडत नाही. देणारा भेटला तर कळवा, वडिलांना घेऊन येते.

साउंडवाला पंचवटी
एक गोष्ट. शनिवारचं सगळं ट्रॅक वेगवेगळे करून रेकॉर्ड केलंय. शाहिरांच्या माइकचा ट्रॅक स्वतंत्र आहे. वारा नाही, गर्दी नाही, नुसता गळा. आठ मिनिटं. कुणाला हवा असेल तर पाठवतो, पण पुढे फिरवू नका, शाहिरांना विचारलेलं नाही.

सिन्नरचा वारा
मी विचारतो त्यांना, आत्ता फोन लावतो.

...

विचारलं. म्हणाले, "खुशाल ऐका, पण प्रतापगड नाही त्यात."

कॉलेजरोडचा कट्टेकरी
ऐकलं. हेडफोन लावून, दोनदा.

खान वाईला येतो तिथे जो सूर चढवलाय तो शनिवारी माझ्यापर्यंत आलाच नव्हता. ठीक आहे. पोस्टमधलं 'आवाज उरलेला नाही' काढतो. 'दम लागतो' ठेवतो, लागतोच.

सिन्नरचा वारा
ठेवा. पुढे कंसात 'झीलकरी नव्हते' लिहा.

कॉलेजरोडचा कट्टेकरी
ते तुम्ही वर हातभर लिहिलंय की. कंस कशाला अजून?

निफाडचा द्राक्षवाला
आणि डफ? डफाचा ट्रॅक आहे का वेगळा?

साउंडवाला पंचवटी
आहे. तो नका ऐकू.