पुढच्या साथीसाठी लॅबमध्ये आत्तापासून काम करायचं की नाही?

परळकर:
काल मामांना बघायला हॉस्पिटलात गेलेलो, येताना परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटच्या गेटवरून चालत आलो तेव्हापासून डोक्यात हेच आहे. १८९६ ला मुंबईत मांडवीला प्लेग सापडला, लोक गाव गाठायला लागले आणि मग सरकारने हाफकिन या शास्त्रज्ञांना बोलावलं. त्यांनी भायखळ्याला ग्रँट मेडिकलमध्ये तीनेक महिन्यांत लस केली, १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. माणूस ग्रेटच, पण तोवर किती जण गेले! आपण अजून तेच करतो, साथ आली की पैसा, गेली की फाईल कपाटात. चांदीपुरा व्हायरस बघा, नाव आपल्या नागपूरजवळच्या गावाचं, १९६५ ला पुण्याच्या शास्त्रज्ञांनी शोधला, आणि २०२४ ला गुजरातमध्ये लहान पोरं दगावली तेव्हा, जवळजवळ साठ वर्षांनी, ना लस ना औषध. असल्या व्हायरसवर साथ नसताना काम चालू पाहिजे.

अनघा_भांडुप:
असहमत. लॅबमधून रोग बाहेर पडतात. १९७८ ला बर्मिंगहॅमला ज्या बाई देवीने गेल्या त्या देवीच्या व्हायरसवर काम करणाऱ्या लॅबच्या वरच्या मजल्यावर काम करायच्या. २००४ ला बीजिंगच्या लॅबमधून सार्स (कोविडच्या जातीचाच व्हायरस) बाहेर आला, तिथे काम करणाऱ्या मुलीची आई गेली त्यात. आणि २०११ ला तर बर्ड फ्लूचा व्हायरस बदलून फेरेटमध्ये (मुंगसासारखा प्राणी) हवेतून पसरेल असा केला, कशाला?? इथे माझ्या भावाचा लेप्टोचा (साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) रिपोर्ट पाच दिवसांनी हातात आला तोवर तो आयसीयूत. गुडघाभर पाण्यातून कामावर जाणाऱ्यांच्या शहरात आधी प्रत्येक दवाखान्यात टेस्ट द्या.

पिपेटवाली:
अनघाताई, भाऊ आता बरा आहे ना? मी लॅबमध्येच काम करते म्हणून लिहिते, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. व्हायरस जास्त पसरेल असा करून बघणं मलाही नको. पण दवाखान्यात टेस्ट हवी तर ती आधी कुणीतरी लॅबमध्ये बसून तयार करावी लागते ना. २०१८ ला केरळात निपाह व्हायरस मणिपालच्या लॅबने पटकन पकडला, पुण्याच्या लॅबने कन्फर्म केला, ती टेस्ट करायची तयारी आधीपासून होती म्हणून. आणि पुण्याच्या बीएसएल-४ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक सुरक्षेच्या लॅबमध्ये, हवा आतच खेचली जाते, बाहेर जाते ती फिल्टरमधून, माणूसही सूट घालून आत आणि शॉवर घेऊनच बाहेर.

अनघा_भांडुप:
बरा आहे, थँक्यू. फिल्टर, सूट सगळं ठीक, पण चूक झाली तर आम्हाला सांगणार कोण?

परळकर:
हा प्रश्न मात्र एकदम बरोबर. १९०२ ला पंजाबात मुलकोवालला प्लेगच्या लसीची एक बाटली दूषित निघाली, १९ माणसं धनुर्वाताने गेली. ठपका लस करणाऱ्या हाफकिनच्या परळच्या लॅबवर आला, हाफकिनची नोकरी गेली, आणि बाटली उघडताना मुलकोवालला चिमटा जमिनीवर पडलेला, म्हणजे घाण तिथेच लागली, लॅबमध्ये नाही, हे धरून त्यांच्यावरचा डाग पुसायला १९०७ उजाडलं. लॅबमधली प्रत्येक चूक, प्रत्येक सांडलवंड तेव्हाच्या तेव्हा लोकांसमोर आली पाहिजे, यात लोकही वाचतात आणि काम करणारेही.

अनघा_भांडुप:
हे लिहून देणार असाल तर माझा विरोध अर्धा कमी. अर्धाच. दवाखान्यातल्या टेस्टचा पैसा त्यातून कापायचा नाही.