वस्तरा ओढतोय म्हणून लगेच दगड नको

चार-पाच दाढ्यांनंतर वस्तरा केस ओढायला लागला, आता ८००० ग्रिटच्या, म्हणजे खूप बारीक कणांच्या, धार लावायच्या दगडावर घेऊ का, असं एकाने विचारलंय. माझं मत, आधी पट्टा बघा, म्हणजे वस्तरा परजायचा चामड्याचा पट्टा, कापडी बाजूसकटचा. दगड पोलाद खातो. पट्टा जवळपास खात नाही, दाढीत दुमडलेली धार सरळ आणि साफ करतो, इतकंच.

खरी गडबड होते ती पट्ट्यावर पातं वळवताना. पातं ओढताना त्याची बोथट पाठ पुढे, धार मागे, दोन्ही चामड्याला टेकलेल्या. पट्ट्याच्या टोकाला पोचलात की पाठ न उचलता तिच्यावरच पातं उलटायचं, तेही मनगटाने नाही, चिमटीतला दांडा बोटांत फिरवून. पाठ सुटली की धार चामड्यात घुसलीच म्हणून समजा. पट्टा ताणलेला हवा; सैल पट्ट्यावर धार गोल होते. कुणी 'जरा जोर लावा' म्हटलंय, ते अजिबात करू नका. वस्तऱ्याचं वजन पुरतं.

दाढीआधी कापडी बाजूवर २०-३० आणि चामड्यावर ५०-६० फेऱ्या. तरीही ओढत असेल तर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी, धार बारीक घासणारी पेस्ट, पण वेगळ्या पट्ट्यावर.

आणि वस्तरा बाथरूममध्ये ठेवू नका हो! जर्मनीतल्या झोलिंगेन शहरचे जुने वस्तरे कार्बन पोलादाचे, कोकणातल्या पावसाळ्यात बघता बघता डाग धरतात. पुसून, पातं-मूठ जोडणाऱ्या खिळीजवळचं पाणी टिपून, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. पट्ट्याला काप गेला असेल तर आधी तो बारीक पॉलिशपेपरने सपाट करा.