बोलिन्हा पसरतात आणि मधे ओलसर राहतात, काय चुकतंय?

रांधपघर: नाताळच्या कुसवारासाठी (फराळासाठी) गोव्याच्या बोलिन्हा (नारळ-रव्याची बिस्किटं) ओटीजीत, म्हणजे घरगुती विजेच्या भट्टीत, करून बघितल्या. बारीक रवा २५० ग्रॅम, साखर ३०० ग्रॅम, एका नारळाचा चव (खवलेला नारळ), २ अख्खी अंडी, २ चमचे तूप, पाव चमचा बेकिंग पावडर. सगळं एकत्र कालवून तासभर ठेवलं, १६० अंशांवर २५ मिनिटं भाजलं. गोळे पसरून एकमेकांना चिकटले, काट्याची नक्षी पुसली गेली, कडा कडक आणि मधलं मऊ. प्रमाण चुकलं की भट्टी?

सासष्टीकर: दोन्ही. पण मुख्य घोटाळा त्या एका तासात आहे. रवा मैद्यासारखा लगेच ओल शोषत नाही. तो फुगायच्या आत गोळे भट्टीत गेले, की साखर वितळून आधी वाहते आणि गोळा तिच्याबरोबर पसरतो.

२५० ग्रॅम रव्याला साखर २२५ ग्रॅम पुरे, खवलेला नारळ २०० ग्रॅम. रवा कोरडाच मंद आचेवर ४-५ मिनिटं गरम करा, रंग बदलू देऊ नका. नारळ पाणी न घालता मिक्सरला फिरवा, पण भरडच ठेवा. लगदा झाला तर बोलिन्हा चिवट होतात. साखरेत पाव वाटी पाणी घालून एकतारी पाक करा, त्यात नारळ घालून मिश्रण कढईच्या कडा सोडू लागेपर्यंत परता, ५-६ मिनिटांत होतं. गॅस बंद केल्यावर २ मोठे चमचे तूप, चिमूट मीठ आणि रवा. झाकून रात्रभर फ्रिजमध्ये.

सकाळी तासभर बाहेर काढून ठेवा, मग २ पिवळे बलक, एक पांढरा आणि अर्धा चमचा वेलची पूड. गरम मिश्रणात अंडं पडलं तर शिजून गुठळ्या होतात. पांढरा जास्त झाला की कडकपणा येतो, खुसखुशीतपणा बलकाचा. बेकिंग पावडर काढूनच टाका, या पदार्थाला ती लागत नाही.

काटेचमचा: पाकाची गरज नाही. साखर दळून नारळात कालवली आणि रव्यासकट रात्रभर ठेवली तरी जमतं, चव जास्त ताजी लागते. फक्त रात्र चुकवायची नाही.

सासष्टीकर: जमतं, पण नारळातलं पाणी तसंच राहतं, म्हणून लवकर खवट होतात. चार दिवसांत संपणार असतील तर बिनपाकाच्या करा. डब्यात भरून वाटायच्या असतील तर पाकच.

भट्टीवाला: भट्टीचं सांगतो. १६० अंश कमी पडतात. पृष्ठभाग उशिरा बसतो, तोवर पसरायला वेळ मिळतो. १८० वर १५ मिनिटं आधी तापवा. गोळा २० ग्रॅमचा, हलका दाबून काट्याने आडवे-उभे खोल चरे पाडा. काटा चिकटला तर रव्यात बुडवा, पाण्यात नको. दोन गोळ्यांत दोन बोटं जागा. मधल्या फळीवर २० ते २२ मिनिटं. खालची सळई जवळ असेल तर एकावर एक दोन ट्रे ठेवा, नाहीतर वर रंग यायच्या आत बूड जळतं.

कडा सोनेरी झाल्या की काढा. त्या वेळी मऊच लागतात, गार होताना कडक होतात. कडक व्हायची वाट भट्टीतच बघितली तर दात तुटेल. पूर्ण गार झाल्यावरही मधे ओल वाटली तर १२० वर आणखी १० मिनिटं.

रांधपघर: ओला नारळ नसेल तर बाजारचा डेसिकेटेड (सुकवलेला कीस) चालेल?

काटेचमचा: १२० ग्रॅम घ्या, १०० मिली कोमट नारळाच्या दुधात अर्धा तास भिजवा, मग वरच्याच कृतीने. तसाच कोरडा टाकला तर गोळे वळतानाच चिरतात.