सिडनीत सार्वजनिक वाहतुकीने फिरण्याविषयी

प्रश्न
मी, पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि वडील असे चौघे सिडनीला जाणार आहोत. गाडी भाड्याने घ्यायची नाही. पर्यटकांसाठीचा एखादा पास आधीच काढून ठेवावा का, आणि बॉन्डाय व मॅनली हे दोन्ही किनारे सोयीचे पडतील असे हॉटेल कोणत्या भागात घ्यावे?

प्रतिसाद १
वेगळ्या पासची गरज नाही. मोठ्यांनी आपापले कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चढताना आणि उतरताना यंत्राला टेकवावे. भाडे प्रौढांच्या ओपल कार्डाइतकेच (ओपल म्हणजे तिथल्या सार्वजनिक वाहतुकीचे कार्ड) कापले जाते आणि दिवसाची किंवा आठवड्याची कमाल मर्यादा गाठली की पुढचा प्रवास फुकट होतो. मात्र प्लास्टिकचे कार्ड आणि तेच कार्ड जोडलेला मोबाइल यांचा हिशेब यंत्र वेगवेगळा ठेवते, त्यामुळे सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे टेकवले तर मर्यादेचा फायदा हातचा जातो. मुलीसाठी लहान मुलांचे ओपल कार्ड अवश्य घ्यावे, कारण बँक कार्डावर मोठ्यांचेच भाडे लागते. वडिलांना सवलत मिळणार नाही. ज्येष्ठांचे गोल्ड ओपल ऑस्ट्रेलियातल्या ज्येष्ठांपुरतेच आहे.

प्रतिसाद २
सेंट्रल किंवा टाउन हॉल स्थानकाजवळ राहावे. बॉन्डायच्या किनाऱ्यापर्यंत रेल्वे जात नाही. टी४ मार्गाने बॉन्डाय जंक्शनला उतरून ३३३ क्रमांकाची बस धरावी लागते. मॅनलीला मात्र सर्क्युलर की या धक्क्यावरून फेरी बोटीनेच जावे. धक्का सोडताच उजव्या हाताला ऑपेरा हाउस अगदी जवळून दिसते, आणि अर्ध्या तासाच्या या प्रवासात बंदराच्या मुखासमोर आल्यावर खुल्या समुद्राच्या लाटा बोटीला चांगल्याच हेलकावतात. वडिलांना बोट लागत असेल तर तेवढा वेळ त्यांना वरच्या डेकवर न नेता खाली बसवावे. (माझ्या मते पर्यटकांच्या महागड्या क्रूझपेक्षा ही साधी फेरी केव्हाही सरस.) मॅनलीच्या धक्क्यावरून कोर्सो या पादचारी रस्त्याने सरळ चालत गेले की समोर किनारा येतो.

प्रतिसाद ३
विमानतळावरच्या रेल्वे स्थानकांवर नेहमीच्या भाड्याखेरीज माणशी वेगळे शुल्क पडते आणि ते दिवसाच्या मर्यादेत धरले जात नाही, तेव्हा सामानासह चौघे असाल तर टॅक्सी बहुधा स्वस्तच पडेल. शुक्रवार ते रविवार दिवसाची मर्यादा इतर वारांपेक्षा कमी असते. लांबच्या सहली, उदाहरणार्थ ब्लू माउंटन्समधले कटूम्बा, त्या दिवसांत ठेवाव्यात, कारण तिथवरची रेल्वेही याच कार्डावर चालते. आणखी एक, 2024 साली शहराच्या मध्यभागातून सुरू झालेली मेट्रो वेगवान असली तरी बंदराखालच्या बोगद्यातून जाते. हार्बर ब्रिजवरून जायचे असेल तर विनयार्डहून मिल्सन्स पॉइंटची साधी लोकल पकडावी.