मदत हवी आहे: व्हॅक्यूमचा (इंजिनच्या हवेच्या ओढीवर चालणारा) वायपर मध्येच थांबतो

मुळशीकर: वायपर दोन-चार फेऱ्या मारतो आणि अर्ध्या काचेवर थांबतो. मोटर खोलली, रॉकेलने धुतली, ग्रीस भरलं, तरी तेच. रविवारी ताम्हिणीतून माणगावला जायचंय, पाऊस उघडत नाहीये. लवकर सांगा.

सदूनाना: गाडी कोणती? साल?

मुळशीकर: जीपच हो. विलीज सीजे-२ए, १९४७. वडिलांची.

रानवारा: कशाला झंझट? १२ व्होल्टची इलेक्ट्रिक मोटर बसवा. माझ्या जीपला चार वर्षं झाली, तक्रार नाही.

सदूनाना: त्यांची ६ व्होल्टची आहे. एका वायपरसाठी बॅटरी, डायनॅमो, बल्ब सगळं बदलायचं? मुळशीकर, थांबतो कधी, चढावर की उभ्या गाडीतही? चढाला ॲक्सिलरेटर दाबला की मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीची) ओढ कमी होते, वायपर मंदावणारच. पाय जरा सोडा, परत फिरतो. तो बिघाड नव्हे.

घाटमाथा: काचेला बटाटा कापून चोळा. आमचे मामा एसटीत होते, ते तंबाखू चोळायचे. पाणी थेंब धरत नाही.

रानवारा: नाना, मी बदललं सगळं. रात्री घाटात दिसायला हवं की नको?

सदूनाना: जरूर बदला, पण त्यांनी ते विचारलेलं नाही.

गॅरेजकाका: ग्रीस भरलंत तिथं चुकलं. आत अर्धगोल डबी आहे, तिच्यात पातं हलतं, पात्याच्या कडेला चामडं. ते डबीला चिकटून सरकलं तरच हवा अडते. रॉकेलने चामडं कोरडं पडतं, कड दुमडते, आणि ग्रीस घट्ट होऊन झडपेत बसतं. सगळं पुसून काढा, चामडं रात्रभर एरंडेलात ठेवा. झाकणाखालचं कागदाचं गॅस्केट फाटलं असेल तर नवीन कापा. त्याआधी ओढ मोजायचं गेज मॅनिफोल्डला लावा. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) १७ ते २१ इंच पाऱ्याची ओढ हवी, पुण्याच्या उंचीला दोनेक इंच कमी धरा.

विंटेजप्रेमी: ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी नोंदणी आहे, नंबरात व्हीए येतं. गाडी मूळ रूपात लागते. केलीत का?

मुळशीकर: नोंदणीचं नंतर बघू. उभ्या गाडीतही थांबतो, पण इंजिन तापल्यावरच. गार असताना छान चालतो. गेज नाही. मॅनिफोल्डपाशी बोट धरलं तर जोरात ओढतं, मोटरीपाशी जेमतेम.

गॅरेजकाका: मधला पाइप कोणता?

मुळशीकर: जुना तडकला होता. फिशटँकचा पारदर्शक टाकलाय.

गॅरेजकाका: हे आधी सांगायचं ना! तो गरम झाला की मऊ पडतो आणि ओढीने आतल्या आत चपटा होतो. जाड भिंतीचा, आत दोरा विणलेला रबरी पाइप आणा.

मुळशीकर: आत्ता बॉनेट उघडून बघितलं. बिजागरीच्या वळणावर खरंच चपटा झालाय, पट्टीसारखा. उद्या सकाळी पाइप आणतो. चामडं आजच एरंडेलात टाकलंय. एका कोपऱ्याला चीर आहे, नखाएवढी. चालेल का?